शिडीचा भाव

दाढी करणाऱ्या माणसाने मतं बाळगू नयेत, असं होयबाचं ठाम मत होतं. गेल्या पस्तीस वर्षांत त्याचं एवढं एकच मत टिकलं होतं.

आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, नाही असं नाही. पण ते दुकानाच्या परवान्यावर होतं, परवाना काचेच्या चौकटीत होता, आणि पंख्याने उडवलेले केस त्या काचेवर असे काही चिकटले होते की नाव वाचायचं तर आधी परवान्याचीच हजामत करावी लागली असती. त्यामुळे अख्खी गल्ली त्याला होयबा म्हणायची. तोंडावर काका, पाठीमागे होयबा. बालमित्र तोंडावरही होयबाच म्हणायचे.

होयबा होण्यामागे एक कान होता. अठराव्या वर्षी तो बाजारातल्या एका मोठ्या सलूनमध्ये काम शिकत होता. पहिल्याच महिन्यात एक गिऱ्हाईक खुर्चीत बसून म्हणालं, की नदीवरचा नवा पूल जुन्याच्या दुप्पट लांब आहे. होयबा तेव्हा तरुण होता आणि पूल त्याने पाहिलेला होता. तो म्हणाला, "छे हो, दुप्पट कुठला!" गिऱ्हाइकाने वाद घालायला मान वळवली. वस्तरा आपल्या जागी होता, कान आपल्या जागी राहिला नाही. पाळीला तीन टाके पडले आणि होयबाच्या गालावर मालकाची पाच बोटं उमटली.

"गाढवा," मालक म्हणाला, "खुर्चीतला माणूस काहीही बोलू दे. सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाला तरी हो म्हणायचं. मान हलली की रक्त!"

त्या दिवसापासून होयबाकडे चार उत्तरं उरली. हो ना, अगदी, बरोबर आहे, आणि तेच म्हणतो मी. या चार उत्तरांवर त्याने स्वतःचं दुकान काढलं, लग्न केलं, घर बांधलं. समोरच्या बाजूला एक चकचकीत सलून आलं, तिथे थंड हवा होती, डोक्याला मालिश करणारं यंत्र होतं. तरी गिऱ्हाईक होयबाकडेच यायचं. कारण घरी बायको ऐकत नाही, कचेरीत साहेब ऐकत नाही, पण गालाला फेस लावून होयबाच्या खुर्चीत बसलं की माणूस पंधरा मिनिटं ज्ञानी होतो. निवडणुकीच्या दिवसांत तर तिन्ही पक्षांचे कार्यकर्ते त्याला आपलाच माणूस समजत. एकदा तिघे एकाच वेळी दुकानात आले, तेव्हा होयबाने शटर अर्धं ओढून पोटात दुखत असल्याचं सांगितलं होतं.

आता या होयबाला मुलगा झाला तो सहा फूट आठ इंचांचा. जन्मतः नव्हे, पण एकविसाव्या वर्षापर्यंत तेवढा झाला. होयबा स्वतः बेताचा, बायको त्याच्या खांद्याला लागणारी. लोक म्हणत, की दुकानातल्या खुर्चीसारखा पायाने दाबून दाबून याने पोरगा वर चढवलाय. पोराला सगळे शिडी म्हणत. शिडीने बास्केटबॉल धरला, शाळा गाजवली, ज्युनियर संघ गाजवला आणि एकोणिसाव्या वर्षी शहराच्या क्लबने त्याला करारावर घेतलं. त्या वर्षी होयबाच्या दुकानात बसायला जागा नसायची. आरशाच्या कडेला चौदा वर्षांच्या शिडीचा चेंडू धरलेला फोटो होता. लोक दाढी कमी आणि फोटो जास्त बघत.

दुसऱ्या वर्षी शिडीचा खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली, चार महिने गेले. खांदा बरा झाला, अगदी ठणठणीत. डॉक्टरांनी तसा कागद दिला. कागदाचं सोडा, पोराने आईसाठी स्वयंपाकघराचं छत त्याच हाताने रंगवून काढलं, तेही जमिनीवर उभं राहून. पण खांद्याबरोबर आणखी काहीतरी निखळलं होतं, ते कुठल्या कागदावर येत नव्हतं. हातून सुटलेला चेंडू रिंगच्या कडेवर बसे, विचार करी आणि बाहेर पडे. एका सामन्यात नऊ फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता करायच्या फेकी, मिळाले, सात हुकले. त्या रात्रीपासून प्रेक्षक शिडीला खांब म्हणू लागले.

आणि मग हंगामातला अदलाबदलीचा महिना आला. त्या महिन्यात क्लब एकमेकांशी खेळाडू बदलतात. कोण कुणाच्या बदल्यात जाईल याची चर्चा क्लबच्या कचेऱ्यांत होते तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच, दाढीच्या दुकानांत होते.

होयबाच्या दुकानात या विषयाचे दोन अधिकारी पुरुष होते. एक गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान चालवणारा औषधवाला. दुसरा ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, होयबाचा बालमित्र. तीस वर्षं शिकाऊ ड्रायव्हरांशेजारी बसून मास्तरला एक सवय जडली होती. कुणाचं म्हणणं पटलं नाही की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. होयबाच्या खुर्चीची पायपट्टी त्यानेच वाकवली होती.

"भावना बाजूला ठेवू," मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाला. "बाजारात उभा केला तर या पोराचं काय येईल? रिंगखाली उभा राहणारा एक म्हातारा सेंटर. गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा."

"छट्!" बाकावरून औषधवाला उसळला. "वय बघा की! एकवीस! आणि उंची? उंची काय बाटलीत मिळते? मी औषधं विकतो, मला विचारा. चेंडू घेऊन धावणारा एक चांगला गार्ड आणि वर पुढच्या वर्षी नवी पोरं निवडताना एक जादा निवड, याच्या खाली सोडायचाच नाही."

"उंचीचं काय लोणचं घालायचंय? चौकातला दिव्याचा खांब पण उंच असतो. रिंगवरून उडालेला चेंडू तरी धरतो का?" मास्तरने ब्रेक दाबला. "काय रे होयबा?"

"हो ना," होयबा म्हणाला. मास्तरच्या हनुवटीखाली अवघड वळण होतं.

वीस मिनिटांनी औषधवाला खुर्चीत आला. "काका, मला सांगा, एकवीस वर्षांचं पोर कुणी भंगारात घालतं का?"

"अगदी."

"अरे, आत्ता तर तू दिव्याच्या खांबाला हो म्हणालास!" मास्तर ओरडला.

"तेच म्हणतो मी," होयबा म्हणाला.

दुकान हसलं. होयबाही हसला. मग औषधवाल्याला आठवण झाली, की समोर वस्तरा धरून उभा आहे तो खांबाचा बाप आहे. "राग मानू नका हं काका. घरचंच पोर म्हणून बोलतो."

"बरोबर आहे," होयबा म्हणाला आणि ब्रश धुवायला मागच्या मोरीवर गेला. ब्रश आधीच धुतलेला होता. त्याने तो पुन्हा धुतला, मग वाटी धुतली, मग नळाची तोटीही घासून काढली.

घरी बायकोपर्यंत हे सगळं पोहोचायचंच. औषधवाल्याची बायको ते घरपोच द्यायची.

"अहो, तुमच्या दुकानात आपल्या पोराची सालं काढतात आणि तुम्ही हो ना म्हणता?"

"अगं, ते धंद्याचं बोलणं."

"मग घरी आल्यावर तरी कधी बिगरधंद्याचं बोलत जा!"

यावर होयबाच्या तोंडी आलेलं उत्तर चारांपैकीच एक होतं. त्याने ते गिळलं.

सोमवारी जेवताना शिडी आपणहून बोलला. टेबलाखाली त्याचे पाय मावत नसत, त्यामुळे तो कायम तिरका बसे, जणू उठून जायच्या बेतात असल्यासारखा.

"डोंगरापलीकडचा क्लब विचारतोय मला. ज्युनियरला आम्हाला शिकवायचे ते सर आता तिथे कोच आहेत. म्हणाले, मला माहितीये तुझं काय बिघडलंय, ये, दुरुस्त करू. तीन वर्षांचा करार. सुरुवातीच्या पाचांत खेळवणार. शनिवारी दुपारी बाराला अदलाबदल बंद होते. त्याच्या आत ठरलं तर ठरलं."

"आणि नाही ठरलं तर?" आईने विचारलं.

"हंगाम संपला की इथला करार संपतो. मग मी पण संपलो."

आईने त्याच्या ताटात आणखी वाढलं. त्याने मान न उचलता विचारलं, "होईल ना बाबा?"

"हो ना," होयबा म्हणाला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, दुकानात कुणी नसताना, राखाडी कोटातला एक अनोळखी माणूस आला. होयबाची नजर पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावर जाई, नंतर चेहऱ्यावर. याचे केस चार दिवसांपूर्वी कापलेले होते आणि दाढी त्याच सकाळी झालेली होती. होयबाला जरा नवल वाटलं. पण काहींना गरम टॉवेलची हौस असते. त्याने खुर्ची झटकली, फेस केला, वस्तरा परजला.

"फोटोतला मुलगा तुमचा ना? शिडी?"

"हो ना." होयबाची छाती दोन बोटं वर आली.

"चांगला खेळायचा. खांद्याने घात केला बिचाऱ्याचा."

वस्तरा नेमका कंठावर होता. तिथे उलटे उगवणारे दोन केस होते, असे केस होयबाला दिसले की जग दिसेनासं व्हायचं.

"हो ना."

"एकदा निखळला की निखळला. हात वर नेताना मुलं बिचकतात. फ्री थ्रो हुकतात ते त्यामुळेच."

"बरोबर आहे."

"क्लबवाले कागद दाखवतात, सगळं ठीक आहे म्हणून. घरी दुखतं म्हणतच असेल की. बाहेर कोण सांगतंय?"

"अगदी," होयबा म्हणाला आणि दुसरा केस बरोबर मुळाशी कापला.

खोटं बोलला म्हणावं, तर तो बोललाच कुठे होता? गिऱ्हाईक थांबलं की आपण काहीतरी म्हणायचं, एवढंच त्याच्या कानाला कळत होतं. शब्द आत शिरायचे थांबून पस्तीस वर्षं झाली होती. माणसाने आरशात गाल फिरवून पाहिला, "हात सुरेख आहे तुमचा," म्हणाला आणि गेला. होयबाने संध्याकाळी बायकोला कौतुकाने सांगितलं, की आज बाहेरगावचा माणूस दुकानात आला होता, शिडीला फोटोवरून ओळखलं.

शनिवारी दुपारी बाराला दुकानातला टीव्ही मोठा केलेला होता. औषधवाला खुर्चीत, डावा गाल झालेला, उजव्यावर फेस. मास्तर बाकावर. पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी सरकत होती. आपला गार्ड डोंगरापलीकडे गेला. त्यांचा सेंटर आपल्याकडे आला. आपला गार्ड आणि त्याच्यासोबत, पट्टीच्या अगदी शेवटी, शिडीचं नाव.

"गेला! गेला पोरगा!" औषधवाला ओरडला. "काका, झालं काम!"

मास्तर मात्र उठून टीव्हीजवळ गेला. चष्मा वर सरकवून त्याने पट्टी पुन्हा येईपर्यंत वाट पाहिली. "थांब. गार्डच्या बदल्यात सेंटर. ते बरोबरीत सुटलं. मग पोराच्या बदल्यात काय आलं?"

त्याने पट्टीची आणखी एक फेरी वाचली.

"काहीच नाही. करार हंगामापुरता, असं लिहिलंय. अरे, म्हणजे याला वर टाकलाय! दोन साबणांवर एक कंगवा फुकट, तसा!" मास्तरचा पाय फरशीवर ब्रेक शोधू लागला. "मी निदान म्हातारा सेंटर तरी म्हणालो होतो रे!"

त्या क्षणी दार उघडलं आणि शिडी आत आला. दारात वाकायची त्याला सवय होती, पण आत आल्यावर तो सरळ झाला नाही.

"बाबा, बुधवारी इथे राखाडी कोटातला माणूस आला होता?"

होयबाच्या हातात वस्तरा होता. "हो."

"तो त्यांचा माणूस. खेळाडू घेण्याआधी चौकशी करत फिरतो. तुम्ही त्याला सांगितलंत, माझा खांदा अजून दुखतो?"

"मी? मी नाही सांगितलं! तोच म्हणाला."

"आणि तुम्ही?"

होयबाने औषधवाल्याकडे पाहिलं. औषधवाला आरशात स्वतःच्या फेसाकडे पाहत होता.

"अरे, तो खुर्चीत होता," होयबा म्हणाला. "खुर्चीतल्या माणसाला मी... तुला माहितीये ना. ते नुसतं बोलणं असतं. त्याला काही अर्थ नसतो."

"आपल्या मॅनेजरने डॉक्टरचा कागद पाठवला त्यांना. तर म्हणाले, डॉक्टर क्लबचा असतो, बाप क्लबचा नसतो. बापच हो म्हणालाय. सर माझ्यासाठी भांडले, म्हणून फुकटात तरी घेतलं. हंगामापुरतं. बाकावर बसायला."

"मी फोन करतो त्यांना. सांगतो, खांदा चांगला आहे. छत रंगवलंस ते सांगतो."

"बारा वाजून गेले बाबा."

मास्तर पुढे झाला. "पोरा, अरे बापाचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मनात काही नसतं त्याच्या."

"तेच तर," शिडी म्हणाला. तो अजूनही मोठ्याने बोलत नव्हता. ओरडला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. "बाबा, मी आठवीत होतो तेव्हा विचारलं होतं, मी खेळाडू होईन का. तुम्ही म्हणालात, हो ना. खांदा निखळला तेव्हा विचारलं, पुन्हा खेळेन का. हो ना. सोमवारी विचारलं. मी त्याच्यावर उभा होतो, बाबा. सगळे खांब म्हणत होते तेव्हा मी म्हणायचो, बाबा हो म्हणालेत. तेही नुसतं बोलणंच होतं का?"

होयबाने तोंड उघडलं.

"हो म्हणू नका," शिडी म्हणाला. "नाही पण नको. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा. कसाही आहे मी, सांगा. मी खेळाडू आहे?"

होयबाने खरंच आत शोधलं. मास्तरचं मत सापडलं, म्हातारा सेंटर. औषधवाल्याचं सापडलं, एकवीस वर्षं आणि उंची. राखाडी कोटवाल्याचंही होतं. फ्री थ्रो हुकायचे तेव्हा टीव्हीवाला काय म्हणाला तेही शब्दन् शब्द होतं. पोराचा प्रत्येक सामना त्याने पाहिला होता, पण गिऱ्हाईक काय म्हणतंय हे ऐकता ऐकता पाहिला होता. स्वतःचं काही असेल म्हणून तो शोधत राहिला, आणि पोरगा सहा फूट आठ इंचांच्या उंचीवरून खाली, बापाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. इतका वेळ, की औषधवाल्याच्या गालावरचा फेस सुकून त्याला भेगा पडल्या.

"बरं," शिडी म्हणाला आणि वाकून बाहेर गेला.

औषधवाला घसा खाकरून म्हणाला, "काका, राहिलेली उद्या केली तरी चालेल."

"अर्धी कशी सोडायची?" होयबाने नवा फेस केला आणि उजवा गाल पूर्ण केला. कुठे ओरखडा नाही, हात जरासुद्धा थरथरला नाही. रात्री बायको त्याच्याशी बोलेनाशी झाली त्याहून, हात थरथरला नाही याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

रविवारी सकाळी शिडीची बस होती. आई बॅग भरत होती, पुन्हा रिकामी करत होती, पुन्हा भरत होती. होयबा पोराच्या खोलीच्या दारात उभा राहिला. पोराचे केस कानांवर आले होते. जन्मल्यापासून त्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती.

"केस वाढलेत," होयबा म्हणाला. "दहा मिनिटं लागतील. चल, दुकान उघडतो."

"तिकडे कापेन," शिडी बॅगेची चेन लावत म्हणाला.

बसपर्यंत आई गेली. होयबाला कुणी नको म्हणालं नव्हतं, ये असंही म्हणालं नव्हतं. तो फाटकाशी उभा राहून हात हलवायला लागला, तेव्हा दोघं वळणापलीकडे गेली होती.

पुढच्या आठवड्यात दुकान नेहमीसारखं भरलं. बदल्यात आलेला नवा सेंटर लोकांना आवडला नाही. मास्तरच्या मते तो सुटलेला होता, औषधवाल्याच्या मते त्याला वेळ द्यायला हवा होता. शिडीचा विषय कुणी काढत नसे. हा त्यांचा चांगुलपणाच होता. फक्त त्यापायी, होयबासमोर पोराचं नाव घेणारं शहरात कुणी उरलं नाही. पोराचा फोन आईला यायचा. पलंगावर पडून होयबा इकडची बाजू ऐकायचा. "जेवलास का? बरं. आणि तिथे थंडी? बरं. हो, आहेत ना, इथेच आहेत. बरं, ठेव."

तीन आठवड्यांनी डोंगरापलीकडच्या क्लबचा सामना टीव्हीवर लागला. मास्तर खुर्चीत होता. औषधवाल्याने हळूच आवाज वाढवला. शिडी खेळला नाही. तिसऱ्या भागात कोचने खेळ थांबवला, खेळाडू गोळा झाले, आणि कॅमेरा बाकाच्या मागून सरकत गेला. शेवटून दुसरा शिडी होता, मान खाली घालून, गळ्यात टॉवेल घेऊन. पाठमोरा, चार सेकंदांपुरता.

होयबाचा वस्तरा मास्तरच्या गालापासून बोटभर अंतरावर थांबला.

केस कापलेले होते. मानेवरची रेघ सरळ होती. डोक्यामागे उजवीकडे पोराला एक भोवरा होता, तिथे केस फार बारीक केले की उभे राहत. कापणाऱ्याने ते ओळखून तिथे जरा लांब ठेवले होते. घाईचं काम नव्हतं. पडदा बदलून जाहिरात लागली.

"तिकडे कुणीतरी चांगला कारागीर आहे," होयबा म्हणाला.

"काय म्हणालास?" मास्तरने फेसातून विचारलं. "आणि ते बंद करा रे, आपल्या सामन्याचं लावा."

औषधवाल्याने चॅनेल बदललं.